मुलांच्या बागेचा माळी : फ्रेडरिक फ्रोबेल

बालवाडीतून मूल घरी आले, की आपण सहज विचारतो, आज काय शिकलास? मूल बहुधा खरे तेच सांगते, की आज आम्ही खेळलो. हे उत्तर ऐकून कित्येक मातांचा चेहरा उतरतो. शेजारच्या मुलाला शंभरपर्यंत अंक म्हणता येतात, आणि आपला मुलगा मात्र ठोकळे रचून आणि माती मळून घरी येतो, याची मनाला टोचणी लागते. खेळ म्हणजे वेळ दवडणे आणि शिकणे म्हणजे पाटीपुढे बसणे, ही समजूत फार जुनी आहे आणि अजून ती पुरती गेलेली नाही. ही समजूत मुळापासून हलवण्यासाठी ज्यांनी आपले उतारवय वेचले, लहान मुलांसाठी खेळाची शाळा उभारली आणि त्या शाळेपायी सरकारचा रोष पत्करला, त्या जर्मन शिक्षकाचे चरित्र आपण भगिनींनी मुद्दाम जाणून घेण्याजोगे आहे. त्यांचे नाव फ्रेडरिक फ्रोबेल. त्यांचे काम पुढे चालवले ते मुख्यतः स्त्रियांनी, हेही ते जाणून घेण्याचे एक कारण आहे.

फ्रेडरिकचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीतील थुरिंगिया या डोंगराळ, अरण्याच्या प्रदेशात ओबरवाइसबाख या खेड्यात झाला. वडील पाद्री होते. आसपासच्या अनेक वाड्यावस्त्यांचा धर्मकारभार त्यांच्याकडे असल्यामुळे त्यांना घराकडे पाहण्यास सवड नसे. फ्रेडरिक नऊ महिन्यांचा असतानाच आई वारली. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले. सावत्र आईने आरंभी त्याला जवळ घेतले. पण तिला स्वतःचे मूल झाले आणि सारे पालटले. जर्मन भाषेत घरच्या माणसाला आपल्यासारखेच तू म्हणतात. या बाईने फ्रेडरिकला तू म्हणणेच सोडून दिले. एखाद्या परक्याशी किंवा चाकराशी बोलावे तसे ती त्याच्याशी तृतीय पुरुषात बोलू लागली. एका शब्दाने लहान मुलाला घराबाहेर कसे काढता येते, याचे याहून वेगळे उदाहरण नको.

घर चर्चला लागून, चहूबाजूंनी वेढलेले. मूल तासन्‌तास एकटे. वडिलांनी स्वतः वाचायला शिकवून पाहिले. पण मूल मंद आहे असे त्यांचे मत झाले आणि त्यांनी त्याला गावातील मुलींच्या शाळेत बसवले. थोरला भाऊ क्रिस्टोफ तेवढा प्रेमळ होता. झाडाच्या कळ्यांमध्ये नर आणि मादी फुले कशी असतात हे त्याने एकदा फ्रेडरिकला उलगडून दाखवले, आणि त्या दिवसापासून झाडे, फुले, दगड हेच या पोरक्या मुलाचे सोबती बनले.

दहा वर्षांचा असताना मामाला त्याची दया आली. मामाने त्याला आपल्या गावी, श्टाटइल्म येथे, नेले. तेथे प्रथमच त्याला मोकळीक मिळाली, शाळासोबती मिळाले. पण सोबत्यांच्या खेळात शिरताना एक गोष्ट त्याच्या ध्यानी आली. धावणे, उडी मारणे, झेलणे यांत तो आपल्या वयाच्या मुलांच्या फार मागे होता. ज्या वयात हातपाय खेळून तयार व्हायचे, त्या वयात त्याला कोणी खेळूच दिले नव्हते. ही उणीव ते मोठेपणीही विसरले नाहीत. पुढे त्यांनी जे केले त्याचे बीज येथेच शोधावे लागते.

तारुण्यातील त्यांची वाट सरळ नव्हती. १७९७ पासून दोन वर्षे ते एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारी करत होते. तेथून येना येथील विद्यापीठात गेले. जवळ होते ते पैसे त्यांनी भावाला उसने दिले, ते परत आले नाहीत, आणि खाणावळीचे देणे थकल्यामुळे त्यांना विद्यापीठाच्या कोठडीत नऊ आठवडे काढावे लागले. त्यानंतर जमीनमोजणी, हिशेबनिशी अशी मिळतील ती कामे त्यांनी केली. १८०५ मध्ये वास्तुविद्या शिकावी या हेतूने ते फ्रँकफुर्टला आले. तेथील एका नव्या शाळेचे चालक ग्रूनर यांनी या तरुणाची पारख केली आणि त्याला वर्गावर उभे केले. नऊ ते अकरा वर्षांच्या तीसचाळीस मुलांपुढे उभे राहताच आपली जागा हीच, असे त्यांना वाटले. तेव्हा त्यांचे वय तेवीस होते.

त्या काळी स्वित्झर्लंडमधील इव्हेर्दों या गावी पेस्टालॉझी यांची शाळा साऱ्या युरोपात गाजत होती. एका श्रीमंत घराण्यातील तीन मुलांचे शिक्षक या नात्याने फ्रोबेल त्या मुलांना घेऊनच तेथे गेले आणि १८०८ ते १८१० अशी दोन वर्षे राहिले. पाठांतराऐवजी प्रत्यक्ष वस्तू दाखवून शिकवावे, हा पेस्टालॉझींचा धडा त्यांनी मनोभावे घेतला. मात्र मुलाने वस्तू नुसती पाहून भागत नाही, ती त्याच्या हातात पडली पाहिजे, त्याने तिचे काही केले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले.

पुढे त्यांनी ग्योटिंगेन व बर्लिन येथे निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. मध्येच १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात स्वयंसैनिक म्हणून गेले. त्या छावणीत मिडेनडॉर्फ आणि लांगेथाल हे दोन जन्माचे मित्र त्यांना मिळाले. युद्धानंतर बर्लिनच्या विद्यापीठातील खनिजसंग्रहालयात त्यांना चांगली जागा मिळाली. तेथे स्फटिकांचे वर्गीकरण करता करता निर्जीव दगडसुद्धा आतून एका नियमाने वाढतो, घनातून नवे आकार निघतात, या विचाराने त्यांना झपाटले. पुढे मुलांच्या हाती त्यांनी जे ठोकळे दिले, त्यांचा उगम या स्फटिकांत आहे.

पण याच सुमारास घरी एक दुःखद घटना घडली होती. लहानपणी फुलांची ओळख करून देणारा भाऊ क्रिस्टोफ १८१३ मध्ये आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना विषमज्वरासारख्या तापाने दगावला होता. त्याची तीन मुले पोरकी झाली होती. पोरकेपण म्हणजे काय ते फ्रोबेल यांना ठाऊक होते. त्यांनी नोकरीवर पाणी सोडले, आणि १८१६ च्या नोव्हेंबरात ग्रीसहाइम या खेड्यात या तीन पुतण्यांना व दुसऱ्या भावाच्या दोन मुलांना घेऊन शाळा सुरू केली. पाच मुलांची ही शाळा पुढच्याच वर्षी कायलहाउ येथे गेली. १८१८ मध्ये त्यांनी विल्हेल्मिना या बर्लिनच्या सुशिक्षित स्त्रीशी विवाह केला. शहरातील सुखसोयी सोडून ही बाई खेड्यातील शाळेत आली, मुलांची माता झाली आणि कर्जाच्या ओढाताणीतही कुरकुरली नाही. १८२६ मध्ये फ्रोबेल यांनी माणसाच्या शिक्षणावर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. शाळेत एके काळी साठांच्या घरात मुले होती. परंतु हे दिवस राजकीय संशयाचे होते. नव्या विचारांच्या शाळांवर सरकारची नजर होती. तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्याने उलट शाळेची वाखाणणी केली, तरी पालकांच्या मनातील भीती गेली नाही, आणि पटावर पाचसहा मुले उरली.

१८३१ मध्ये फ्रोबेल स्वित्झर्लंडला गेले. तेथे बुर्गडॉर्फ येथील अनाथालय त्यांच्याकडे सोपवण्यात आले. शिक्षकांना तयार करताना आणि चारपाच वर्षांच्या मुलांकडे पाहताना एक गोष्ट त्यांना स्पष्ट दिसली. सातव्या वर्षी मूल शाळेत येते तेव्हा त्याचे पुष्कळसे घडून किंवा बिघडून गेलेले असते. शाळा सुधारून उपयोग नाही. शाळेच्या आधीची वर्षे सुधारली पाहिजेत. आणि त्या वर्षांत मुलाचे शिकण्याचे साधन कोणते? ते पुस्तक नव्हे, उपदेश नव्हे. ते साधन म्हणजे खेळ. अशा रीतीने वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ज्या वयात माणसे आवराआवर करतात, त्या वयात फ्रोबेल यांनी आपल्या खऱ्या कामाला हात घातला. पत्नीच्या आजारपणामुळे ते जर्मनीत परतले आणि १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग या लहानशा गावी खेळाची साधने तयार करू लागले.

या साधनांना त्यांनी देणग्या असे नाव दिले. पहिली देणगी म्हणजे लोकरीचे सहा मऊ चेंडू, इंद्रधनुष्याच्या सहा रंगांचे, दोरीला बांधलेले. दुसरी म्हणजे लाकडाचा गोल, घन आणि नळकांडे. गोल घरंगळतो, घन स्थिर बसतो, आणि नळकांडे उभे केले तर राहते व आडवे केले तर घरंगळते. दोन्ही विरुद्ध गुण एका वस्तूत नांदतात, हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. त्याचा हातच त्याला सांगतो. तिसरी देणगी दोन इंची घनाची, पण त्याचे आठ लहान घन केलेले. पुढच्या देणग्यांत विटेसारखे लांबट ठोकळे, मग तिरके कापलेले तुकडे.

तिसऱ्या देणगीची पेटी द्यायची रीतही ठरलेली होती. पेटी मुलासमोर उपडी ठेवायची, झाकण सरकवून काढायचे आणि पेटी वर उचलायची, म्हणजे मुलापुढे पहिल्याने अख्खा घन उभा राहतो. मग मूल तो मोडते. मोडतोड करण्याची मुलाची हौस म्हणजे द्वाडपणा नव्हे. आत काय आहे हे त्याला पाहायचे असते. या आठ तुकड्यांतून ते खुर्ची करते, जिना करते, विहीर करते. याच आठांचे चार-चार, दोन-दोन असे भाग पाडताना निम्मे आणि पाव म्हणजे काय ते त्याला कळते. आणि हेच आठ तुकडे मधोमध एक खूण धरून मांडले, की आपल्या दारापुढील रांगोळीसारखी नक्षी उमटते. एकही तुकडा बाजूला पडू द्यायचा नाही, सगळे वापरायचे, एवढाच नियम. खेळ संपला की पुन्हा अख्खा घन करून पेटीत ठेवायचा. यात मोजणी आहे, भूमिती आहे, सौंदर्य आहे आणि आवराआवरीची सवयही आहे. मात्र मुलाच्या लेखी तो नुसता खेळ आहे.

ठोकळ्यांच्या जोडीला कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांचे विणकाम, मातीकाम, मणी ओवणे, भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून आकृती करणे असे उद्योग होते. गोल करून खेळण्याची गाणी होती. आणि खरीखुरी बाग होती. प्रत्येक मुलाला स्वतःचा एक लहानसा वाफा, आणि सगळ्यांचे मिळून काही सामायिक वाफे. आपल्या वाफ्याची मालकी आणि सामायिक वाफ्याची जबाबदारी, हे नागरिकशास्त्राचे दोन्ही धडे मूल झारीने पाणी घालता घालता शिकत असे.

१८३९ मध्ये विल्हेल्मिना वारल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. दुःखात असूनही फ्रोबेल यांनी काम थांबवले नाही. संस्थेला अद्याप सुटसुटीत नाव नव्हते. जे होते ते इतके लांबलचक, की ते कोणाच्या तोंडी बसेना. १८४० च्या वसंतात सहकाऱ्यांसह डोंगर ओलांडून ब्लांकेनबुर्गकडे येताना खाली दरी एखाद्या बागेसारखी पसरलेली दिसली, आणि ते थबकले. त्यांना नाव सापडले होते. किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. २८ जून १८४० रोजी या नावाने संस्थेची रीतसर स्थापना झाली. माळी रोपाला ओढून मोठे करत नाही. तो माती भुसभुशीत करतो, पाणी देतो, ऊन मिळते की नाही ते पाहतो आणि वाट पाहतो. शिक्षकाचे कामही तेच.

संस्था उभी करण्यासाठी फ्रोबेल यांनी हाक मारली ती जर्मनीतील स्त्रियांना. प्रत्येकीने लहानसा भाग घ्यावा अशी योजना त्यांनी मांडली. भाग फारच थोडे खपले. परंतु हाक वाया गेली नाही. १८४४ मध्ये त्यांनी मातांसाठी गाण्यांचे आणि बोटांच्या खेळांचे चित्रमय पुस्तक काढले. आपल्याकडील आजी नातवाची बोटे मोडीत, तळहातावर घास ठेवीत जी गाणी म्हणते, तसलाच हा प्रकार. आई सहज खेळवते त्यात केवढे शिक्षण दडले आहे, ते आईलाच उमगावे, हा त्यांचा हेतू. लहान मुलांना शिकवायला तरुण स्त्रिया पुढे याव्यात आणि त्यांना त्याचे रीतसर शिक्षण मिळावे, असा आग्रह त्यांनी धरला. त्या काळी शिक्षकी पेशा मुख्यतः पुरुषांचा होता. मूल सांभाळणे हे बाईचे स्वाभाविक काम, त्याला शिक्षण कशाला, अशी टीका झाली. फ्रोबेल यांचे म्हणणे उलट होते. ज्याला आपण स्वाभाविक म्हणून स्वस्त समजतो, तेच काम सर्वांत जाणतेपणाने करावे लागते.

१८४९ मध्ये ते बाड लीबेनश्टाइन या गावाजवळ राहू लागले. गावातील लोक त्यांना वेडगळ म्हातारा समजत, कारण पांढऱ्या केसांचा हा गृहस्थ खेड्यातील पोरांबरोबर उड्या मारीत गाणी म्हणत हिंडे. विश्रांतीसाठी तेथे आलेल्या बर्था फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलो या सरदार घराण्यातील बाईंनी ते दृश्य पाहिले. त्या हसल्या नाहीत, थांबून पाहत राहिल्या आणि या कामाच्या कायमच्या झाल्या. जवळच्या मारीएनथाल येथील वाड्यात फ्रोबेल यांचा तरुणींसाठी अध्यापनवर्ग सुरू झाला. १८५१ मध्ये त्यांनी आपली शिष्या लुइझे लेव्हिन हिच्याशी विवाह केला.

आणि त्याच वर्षी, ऑगस्टच्या ७ तारखेला, प्रशिया सरकारने फ्रोबेल पद्धतीच्या किंडरगार्टनांवर बंदी घातली. या शाळा मुलांना समाजवादाकडे आणि नास्तिकतेकडे नेतात, असा ठपका होता. जन्मभर ईश्वरनिष्ठ राहिलेल्या, पाद्र्याच्या मुलावर हा आरोप! खरी गोष्ट अशी, की त्यांचा पुतण्या कार्ल फ्रोबेल याने मुलींच्या उच्च शिक्षणाविषयी आणि किंडरगार्टनविषयी एक पुस्तिका लिहिली होती. त्याची मते जहाल होती. सरकारने पुतण्याचे खापर काकांच्या माथी फोडले. चूक दाखवून दिल्यावरही आज्ञा मागे घेतली गेली नाही, त्यावरून ती केवळ नावाची गफलत नव्हती असे दिसते. १८४८ ची क्रांती नुकतीच चिरडली गेली होती. आज्ञा पाळण्यास शिकण्याऐवजी स्वतः करून पाहण्यास शिकलेले मूल, आणि चूल सोडून शिक्षिका होणारी तरुणी, या दोघांचेही भय सत्ताधाऱ्यांना वाटले असल्यास नवल नाही.

या आघातानंतर फ्रोबेल एक वर्षही जगले नाहीत. १८५२ च्या एप्रिलमध्ये विद्यार्थिनींनी आणि मुलांनी त्यांचा सत्तरावा वाढदिवस फुलांनी साजरा केला. जूनच्या आरंभी गोठा येथील शिक्षकांच्या संमेलनात ते आले, तेव्हा सारी सभा उठून उभी राहिली. २१ जून १८५२ रोजी मारीएनथाल येथे त्यांचा अंत झाला. बंदी अजून कायम होती. श्वायना गावातील त्यांच्या समाधीवर खाली घन, त्यावर नळकांडे आणि वर गोल असा स्तंभ आहे. दुसरी देणगीच ती.

यानंतरची हकीकत स्त्रियांच्या कर्तृत्वाची आहे. बर्था फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलो यांनी इंग्लंड, फ्रान्स, बेल्जियम अशा देशांत हिंडून व्याख्याने दिली आणि बंदी उठावी म्हणून खटपट केली. अखेर १८६० मध्ये ती उठली. लुइझे फ्रोबेल यांनी पतीमागे हे काम हाम्बुर्ग येथे चालवले. त्या १९०० पर्यंत जगल्या. फ्रोबेल यांच्या नात्यातील हेन्रिएटा श्राडर-ब्राइमान यांनी बर्लिनमध्ये शिक्षिकांसाठी मोठी संस्था उभारली. मार्गारेथा शुर्त्स यांनी १८५६ मध्ये अमेरिकेतील वॉटरटाउन गावी आपल्या घरी किंडरगार्टन उघडले, तर एलिझाबेथ पीबॉडी यांनी १८६० मध्ये बोस्टन येथे इंग्रजी भाषेतील किंडरगार्टन सुरू केले. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात एका मातेने फ्रोबेल यांचे ठोकळे पाहिले आणि आपल्या मुलासाठी आणले. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट. त्या ठोकळ्यांचे ऋण त्यांनी उतारवयातही मोकळेपणाने मानले.

फ्रोबेल यांचे सर्वच घ्यावे असे नाही. त्यांचे लिखाण गूढ आणि बोजड आहे. पैशाचा व्यवहार त्यांना कधी जमला नाही. त्यांच्या पश्चात काही अनुयायांनी देणग्यांचीच कवायत केली. शिक्षिकेने हुकूम द्यावा, सर्व मुलांनी एकदम तोच ठोकळा उचलून तेथेच ठेवावा. खेळ होता तो पाठ झाला. म्हणून पुढच्या पिढीने त्यांच्या साधनांची चिकित्सा केली. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे बालगृह काढून वेगळी साधने दिली. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर उघडले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षण सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. परदेशी महाग साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने यांचीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत तर त्यांच्या अंगणात शाळा नेली. फ्रोबेल यांचा लाकडी घन तेथे नव्हता, पण त्यांचे तत्त्व होते.

आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ या वयातील शिक्षण खेळातून व कृतीतून व्हावे असे म्हटले आहे. ज्या खेळावर एका सरकारने बंदी घातली, तोच खेळ आज सरकारी धोरणात येऊन बसला आहे. पण धोरण कागदावर राहते. मूल वाढते ते घरात आणि वर्गात, आणि तेथील कारभार आपल्या हाती आहे. तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल खुपसण्याची आपली घाई हीसुद्धा एक बंदीच आहे. ती उठवायला कोणा मंत्र्याची गरज नाही. बालवाडीची बाई वर्गात मुलांना माती मळू देत असेल, तर ती कामचुकारपणा करीत नाही, आपले काम करीत आहे, एवढी जाण आपण ठेवली आणि तिच्या पाठीशी उभे राहिलो, तरी पुष्कळ झाले. बालपणी ज्याला कोणी खेळू दिले नाही, त्या माणसाने जगातील मुलांसाठी बाग लावली. तिला कुंपण घालून तिची राखण करणे, हे आपल्याकडे आलेले काम आहे.